हातात धरून काढलेले फोटो एकावर एक नेमके कसे बसवायचे : ‘अलाइन_इमेज_स्टॅक’ अगदी पहिल्यापासून

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात भर दुपारी कधी उभं राहून बघा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत काळपट दगडाचा थंड, अंधारा मंडप. मान वर केली की छतातलं कमळ दिसतं. ७२ पाकळ्यांचं. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर त्या पाकळ्यांवर मानलेले आहेत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली ही बस्ती बांधली. डोळ्याला ते कमळ नीट दिसतं, खांबांच्या कडा दिसतात, दारातलं ऊनही दिसतं. कॅमेऱ्याला मात्र हे सगळं एकदम दिसत नाही. कमळ उजळ घ्यावं तर दार पांढरंफटक होतं, दार सांभाळावं तर कमळाच्या जागी काळा डाग येतो.

यावरचा उपाय जुना आहे. एकाच जागेवरून तीन फोटो घ्यायचे, एक गडद, एक मध्यम, एक उजळ, आणि तिन्हींतला चांगला भाग एकत्र करायचा. अडचण अशी की संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते, आणि आपण गेलेलो असतो रविवारी, गळ्यात कॅमेरा अडकवून. मग फोटो हातातच धरून काढायचे. हात कितीही स्थिर धरला तरी प्रत्येक फोटो केसभर सरकतो, थोडा फिरतो. ते तसेच एकावर एक ठेवले की प्रत्येक पाकळीला दोन-दोन कडा दिसतात.

हा सरकलेपणा काढून टाकणारी ‘अलाइन_इमेज_स्टॅक’ नावाची एक छोटी आज्ञा (संगणकावर टाइप करून द्यायची कमांड) आहे. पैसे लागत नाहीत, जुन्या लॅपटॉपवर चालते, इंटरनेट लागत नाही. खानापूर तालुक्यातली देवळं आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) यांचे फोटो काढताना मी ती शिकलो. ती शिकताना जिथे जिथे अडलो, ते सगळं इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. ‘-व्ही’ म्हणजे वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी व्ही. शब्दांमधली खालची रेघ म्हणजे अंडरस्कोर. अक्षरं सगळी लहान लिपीतली समजा. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

काय काय लागेल

- हाताने एक्स्पोजर (फोटो किती गडद-उजळ घ्यायचा ते) बदलता येईल असा कॅमेरा, किंवा ‘प्रो मोड’ असलेला मोबाइल
- लिनक्स किंवा विंडोजचा कोणताही चालू संगणक
- डिस्कवर मोकळी जागा. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो ८-बिट टिफमध्ये (हा जेपीजीसारखाच, पण मोठा फाइल-प्रकार) सुमारे ७२ एमबी भरतो, १६-बिटमध्ये १४४ एमबी
- एक वही आणि पेन
- स्वतःचं ओळखपत्र. किल्ल्याचा परिसर लष्कराला लागून आहे, कुणी विचारलं तर दाखवता यावं
- गावातल्या देवळात गेलात तर आधी गुरवाला किंवा पुजाऱ्याला विचारण्याची सवय. “काका, आत फोटो काढला तर चालेल काय?” एवढं विचारलं की बहुतेक ठिकाणी ते स्वतःच दिव्याची वात बारीक करून देतात

१. फोटो काढणं : निम्मं काम इथेच होतं

आज्ञा कितीही चांगली असली तरी चुकीचे फोटो ती जुळवू शकत नाही. म्हणून या पायरीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

कॅमेरा मॅन्युअल किंवा अॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. अॅपर्चर (लेन्सचं भोक), आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि फोकस हे चारही पक्के करून टाका. तीन फोटोंत बदलायचा तो फक्त शटरचा वेळ. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘ब्रॅकेटिंग’ नावाची सोय असते. ती चालू करून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घ्या. सलग शूटिंग लावलं की बटण एकदाच दाबून धरायचं, तिन्ही फोटो पाठोपाठ निघतात. मोबाइल असेल तर त्याचं स्वतःचं एचडीआर (गडद-उजळ फोटो आपोआप मिसळण्याची सोय) बंद करा, नाहीतर तो तुमच्या नकळत प्रत्येक फोटोत स्वतःची ढवळाढवळ करतो.

आता शटरचा हिशेब. मधला फोटो १/१२५ सेकंदाचा असेल तर गडद १/५०० आणि उजळ १/३० सेकंदाचा येतो. हातात १/३० पर्यंत कसंबसं निभतं. त्याहून हळू गेलं की फोटो हलतो, आणि हललेला फोटो कुठलीच आज्ञा सरळ करत नाही. सरकलेला फोटो जुळतो, हललेला नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा. कमल बस्तीसारख्या ठिकाणी मी आयएसओ १६०० पर्यंत बिनधास्त चढवतो. थोडे दाणे आले तर येऊ देत. तीन फोटो एकत्र झाल्यावर ते कमीही दिसतात.

पाठ खांबाला टेकवा. कोपर बरगडीला लावा. श्वास अर्धा सोडा, थांबा, मग बटण दाबा.

आणि पाय हलवू नका. हे वेगळ्या परिच्छेदात लिहायचं कारण आहे. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मी मंडपात उभा राहून एका गाभाऱ्याचे फोटो घेत होतो आणि पुढचा खांब मध्ये येत होता, म्हणून दर दोन-तीन फोटोंनंतर अर्धं पाऊल सरकत होतो. घरी येऊन जुळवायला बसलो तर गाभाऱ्याची चौकट जुळायची आणि खांब दुहेरी दिसायचा. खांब जुळवावा तर चौकट फाटायची. अख्ख्या दिवसाचे फोटो वाया गेले, पुढच्या रविवारी खानापूरची बस धरून परत जावं लागलं.

असं का होतं ते पाहायला हाताचा अंगठा डोळ्यासमोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवरून इकडून तिकडे उडी मारतो. कॅमेरा जागेवरच थोडा वळला किंवा कलला तर सगळं चित्र एकसारखं सरकतं, ते उलट फिरवून जुळवता येतं. कॅमेरा बाजूला गेला तर जवळची वस्तू जास्त सरकते आणि लांबची कमी. मग एक जुळवताना दुसरं बिघडणारच.

छताचे फोटो काढताना आणखी एक खोड आहे. कॅमेरा सरळ वर रोखला की त्याला आडवं-उभं कळेनासं होतं, आणि तीनातला एखादा फोटो उभा म्हणून नोंदला जातो. कॅमेऱ्यातलं ऑटो रोटेट आधीच बंद करून टाका.

प्रत्येक संचाआधी मी वहीच्या पानावर जागेचं नाव लिहून त्याचा एक फोटो घेतो. घरी आल्यावर कुठला संच कुठे सुरू होतो ते त्या पानावरून कळतं.

२. साधन बसवणं

ही आज्ञा ‘ह्यूगिन’ नावाच्या मोफत प्रकल्पाचा भाग आहे. हेल्मूट डेर्श या जर्मन प्राध्यापकाने १९९८ च्या सुमारास ‘पॅनोरमा टूल्स’ लिहिली, त्यांच्या पायावर पाब्लो द’अँजेलो यांनी ह्यूगिन उभं केलं. खिडक्या-बटणांचं ह्यूगिनही मिळतं, पण आपल्याला त्यातली हत्यारं पुरेत.

उबंटू किंवा मिंट असेल तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि लिहा:

`सुडो आप्ट इन्स्टॉल ह्यूगिन-टूल्स एन्फ्यूज`

विंडोजवर ह्यूगिनचा इन्स्टॉलर चालवला की ही हत्यारं त्याच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये येतात. नंतर तपासा:

`अलाइन_इमेज_स्टॅक -एच`

पर्यायांची लांबलचक यादी दिसली की झालं. ‘आज्ञा सापडली नाही’ अशा अर्थाची ओळ आली तर विंडोजवाल्यांनी आज्ञेच्या नावाआधी त्या ‘बिन’ फोल्डरचा पूर्ण पत्ता जोडून ते सगळं अवतरण चिन्हांत लिहावं, म्हणजे आज्ञा फोटोंच्या फोल्डरमधूनही चालते.

३. फोल्डर लावणं

एका संचाला एक फोल्डर. नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता. ‘कमल बस्ती छत’ असं लिहिलंत तर टर्मिनल त्याला तीन वेगळी नावं समजतं. ‘कमलबस्ती_छत’ असं जोडून लिहा. लिनक्सवर मराठी किंवा कन्नड लिपीतली नावं चालतात, पण तोच फोल्डर दुसऱ्याच्या विंडोजवर गेला की कधी कधी साधन फाइल उघडतच नाही. त्या भानगडीत पडू नका.

कॅमेऱ्याच्या रॉ (कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या) फाइली या आज्ञेला देऊ नका. आधी त्या टिफ किंवा जेपीजीमध्ये बदला. बदलताना सगळ्या संचाला अगदी एकच सेटिंग लावा. एखादा फोटो वेगळा कापलात तर मापं बदलतात आणि सगळं अडतं.

आणि व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो वापरू नका. मित्राने प्रेमाने पाठवलेले असतात, पण तिथे फोटो लहान होतो आणि त्यात दडलेली लेन्सची माहितीही पुसली जाते. त्याला सांगा, “डॉक्युमेंट म्हणून पाठव.” तसे आले की मूळ फाइल जशीच्या तशी मिळते.

४. जुळवणी

फोल्डरमध्ये जा आणि आत काय आहे ते बघा (विंडोजवर ‘एलएस’ऐवजी ‘डीआयआर’):

`सीडी कमलबस्ती_छत`
`एलएस`

आता मुख्य आज्ञा:

`अलाइन_इमेज_स्टॅक -व्ही -ए जुळ_ डीएससी_०४११.जेपीजी डीएससी_०४१२.जेपीजी डीएससी_०४१३.जेपीजी`

‘-व्ही’ मुळे काय चाललंय ते पडद्यावर दिसत राहतं. ‘-ए जुळ_’ म्हणजे जुळलेल्या फोटोंच्या नावाची सुरुवात ‘जुळ_’ अशी ठेव. काम संपलं की जुळ_००००.टिफ, जुळ_०००१.टिफ, जुळ_०००२.टिफ अशा तीन फाइली तयार होतात (इथे ‘टिफ’ला एकच एफ). मूळ फोटोंना हात लागत नाही.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे अडलं तर कुठे हात घालायचा ते समजेल. आज्ञा प्रत्येक फोटोचे पाच गुणिले पाच असे पंचवीस चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनात, शेजारच्या फोटोतही ओळखू येतील असे आठ ठिपके शोधते, एखाद्या पाकळीचं टोक, दगडातली चीर असं काहीतरी. मग फोटो किती वळवला, किती कलवला, किती फिरवला तर हे ठिपके एकमेकांवर बसतील ते काढते. तीन पिक्सेलपेक्षा जास्त चुकणारे ठिपके टाकून देते आणि हिशेब पुन्हा करते.

फोटो कुठल्याही क्रमाने दिलेत तरी ती आधी उजेडाप्रमाणे लावून घेते. याचं कारण चांगलं आहे. सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ फोटोत सारखं काही सापडणं कठीण, पण शेजारशेजारच्या दोघांत सापडतं. म्हणून फोटोंमध्ये दोन स्टॉपपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. दार आणि गाभारा यांत फारच फरक असेल तर तीनऐवजी पाच फोटो घ्या.

उपयोगी पडणारे आणखी दोन पर्याय आहेत. वजा आणि मोठा सी लिहिला की सगळ्या फोटोंत जेवढा भाग सामाईक आहे तेवढाच ठेवून कडा कापल्या जातात. आणि फोटोतली लेन्सची माहिती हरवली असेल तर ‘-एफ’ लिहून पुढे लेन्सला आडवं किती दिसतं तो कोन अंशांत द्यायचा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात २८ मिलिमीटर लेन्सला साधारण ६५ अंश, ३५ ला ५४, ५० ला ४०. मोबाइलचा मुख्य कॅमेरा २६ मिलिमीटरचा धरला तर सुमारे ६९.

५. एकत्र करणं

`एन्फ्यूज -ओ छत.टिफ जुळ_*.टिफ`

एवढंच. एन्फ्यूज प्रत्येक जागी तीन फोटोंपैकी ज्यात उजेड सगळ्यात योग्य आहे त्याला जास्त वजन देतं आणि सांधा न दिसता मिसळतं. मेर्टेन्स, काउत्स आणि व्हान रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. भडक, प्लास्टिकसारखे एचडीआर फोटो तुम्ही पाहिले असतील. तसं इथे होत नाही, आणि देवळांच्या फोटोंसाठी मला हीच पद्धत पटते.

पहिल्यांदा ते कमळ पडद्यावर पूर्ण उमटलं तेव्हा मी शंभर टक्के मोठं करून पाकळी-पाकळी बघत बसलो होतो. पाकळ्यांच्या बेचक्यात साठलेली धूळसुद्धा वेगळी दिसत होती, आणि त्याच फोटोत दाराबाहेरचं गवत हिरवं होतं.

एक सापळा सांगतो, यात जवळजवळ प्रत्येक जण अडकतो. मूळ फोटो टिफ असतील आणि तुम्ही दुसऱ्यांदा आज्ञा चालवताना ‘*.टिफ’ लिहिलंत, तर मागच्या वेळच्या ‘जुळ_’ फाइलीही आत ओढल्या जातात आणि निकाल विचित्र येतो. पुन्हा चालवण्याआधी जुन्या ‘जुळ_’ फाइली काढून टाका. लिनक्सवर लहान-मोठी अक्षरंही वेगळी धरतात. कॅमेऱ्याने फाइलीच्या शेवटी मोठ्या अक्षरात जेपीजी लिहिलं असेल तर तुम्हीही मोठ्यात लिहा.

६. जुळलं नाही तर

ठिपकेच सापडले नाहीत अशी तक्रार आली तर या क्रमाने करून बघा.

आधी ‘-सी १६’ (इथे लहान सी) लिहून ठिपक्यांची संख्या दुप्पट करा. नाही जमलं तर ‘-टी ५’ लिहून तीनऐवजी पाच पिक्सेलची चूक चालवून घ्या. तरीही नाही, तर ‘--कॉर=०.८’ लिहा. मुळात ०.९ इतकं साम्य लागतं, ते थोडं सैल होतं. आज्ञा शोध घेताना फोटो निम्म्या आकाराचा करते. बारीक कोरीव काम असेल तर ‘-एस ०’ लिहून पूर्ण आकारात शोधायला लावा, वेळ जास्त लागेल.

नुसती पांढरी रंगवलेली भिंत असेल तर ठिपक्यांना धरायला काहीच मिळत नाही. अशा वेळी चौकटीत दार, घंटा, समई असं काही येईल असा फोटो काढलेला बरा.

सगळं जुळलं पण समईच्या ज्योतीला तीन सावल्या आल्या, किंवा मध्येच आलेला माणूस भुतासारखा अर्धा दिसतोय? ही जुळवणीची चूक नाही. ती वस्तूच हलली आहे. संचातला तो फोटो वगळून उरलेल्यांवर आज्ञा पुन्हा चालवा.

नक्की कुठे बिघडलंय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर आज्ञेत ‘-पी तपास.पीटीओ’ घाला. ती फाइल ह्यूगिनच्या खिडकीत उघडली की ठिपके कुठे कुठे बसलेत ते दिसतं.

७. जवळून काढलेले फोटो

हीच आज्ञा दुसऱ्या कामालाही येते. आजीच्या शहापुरी लुगड्याच्या काठाची वीण जवळून टिपायची होती. इतक्या जवळून एका वेळी दोन-चार धागेच स्पष्ट येतात. मग फोकस थोडा थोडा पुढे नेत दहा-बारा फोटो घेतले. फोकस सरकला की चित्राचा आकारही किंचित बदलतो, म्हणून इथे ‘-एम’ लागतो. आणि फोटोंचा क्रम तुम्ही दिला तसाच राहायला हवा:

`अलाइन_इमेज_स्टॅक -व्ही -एम --यूज-गिव्हन-ऑर्डर -ए फोक_ *.जेपीजी`

`एन्फ्यूज --एक्स्पोजर-वेट=० --सॅच्युरेशन-वेट=० --कॉन्ट्रास्ट-वेट=१ --हार्ड-मास्क -ओ काठ.टिफ फोक_*.टिफ`

दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की उजेड आणि रंग बघू नकोस, जिथे जो फोटो सगळ्यात रेखीव आहे तिथे तोच घे. या कामाला मात्र स्टँड हवाच. घरात आहात, तर लावा.

८. वीरगळ आणि शिलालेख : इथे हात आखडता घ्या

वीरगळ तुम्ही पाहिले असतील. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला वीर आणि टोकाला चंद्र-सूर्य. आपल्या भागात कित्येक वीरगळ देवळामागे, झाडाखाली, शेताच्या बांधावर उघड्यावर उभे आहेत. काहींवर ऑइल पेंटचा थर चढलाय, काही अर्धे मातीत गेलेत. पुढच्या रंगकामाआधी त्यांचे नीट फोटो व्हायला हवेत, हे मला मनापासून वाटतं.

पण झिजलेल्या कोरीव कामात जे वाचता येतं ते सावलीमुळे. पाच एक्स्पोजर एकत्र केलेत की सावल्या उजळतात आणि अक्षरं सपाट होतात. म्हणून दगडासाठी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात जा. एकच नीट फोटो बहुतेकदा पुरतो. झाडाखाली ऊन-सावलीचे कवडसे पडले असतील तरच दोन किंवा तीन फोटो जुळवा, आणि मधला फोटो वेगळा जपून ठेवा. वेगवेगळ्या बाजूंनी टॉर्च मारून काढलेले फोटो या आज्ञेने जुळवू नका. प्रत्येक फोटोत सावली दुसरीकडे पडते आणि ठिपके दगडाऐवजी सावल्यांच्या कडा धरतात.

९. ही आज्ञा कुठे चालत नाही

सगळे फोटो जवळजवळ तेच दृश्य दाखवत असतील तरच ही आज्ञा. राजहंसगडावर उभं राहून येळ्ळूरची शेतं डावीकडून उजवीकडे टिपलीत, तर ते फोटो फक्त कडेला एकमेकांवर येतात. त्यासाठी ह्यूगिनचीच दुसरी हत्यारं एकामागून एक चालवायची:

`पीटीओ_जेन -ओ गड.पीटीओ *.जेपीजी`
`सीपीफाइंड --मल्टीरो -ओ गड.पीटीओ गड.पीटीओ`
`सीपीक्लीन -ओ गड.पीटीओ गड.पीटीओ`
`ऑटोऑप्टिमायझर -ए -एम -एल -एस -ओ गड.पीटीओ गड.पीटीओ`
`पॅनो_मॉडिफाय --कॅनव्हास=ऑटो --क्रॉप=ऑटो -ओ गड.पीटीओ गड.पीटीओ`
`ह्यूगिन_एक्झिक्यूटर --स्टिचिंग --प्रीफिक्स=गड गड.पीटीओ`

चौथ्या ओळीतल्या ‘ऑप्टिमायझर’मध्ये झेड नाही, एस. पाचव्या ओळीतला ‘ऑटो’ मोठ्या अक्षरात. शेजारच्या दोन फोटोंत निदान एक तृतीयांश भाग सामाईक ठेवा. दोन्हींत सारखं काही नसेल तर सीपीफाइंडला ठिपके मिळत नाहीत.

१०. झाल्यावर

संच बरेच असतील तर लिनक्सवर चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या ओळी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ‘जोड.एसएच’ नावाने ठेवा, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये जाऊन ‘बॅश’ लिहून पुढे तिचं नाव पूर्ण पत्त्यासकट द्या. फाइलींच्या नावांऐवजी ‘*.जेपीजी’ लिहिलंत की तीच फाइल सगळीकडे चालते. रात्री लावून झोपलात तर चार्जर जोडलेला ठेवा.

निकाल पटला की ‘जुळ_’ फाइली पुसून टाका, जागा त्याच खातात. मूळ फोटो मात्र ठेवा, फोल्डरवर गावाचं नाव आणि तारीख घालून. आणि ज्या गुरवकाकांनी वात बारीक केली होती त्यांच्यासाठी एक मोठी प्रिंट काढून न्या. मी हलशीला नेली होती. काकांनी ती आधी खिडकीशी धरली, मग आत जाऊन चष्मा घेऊन आले, आणि चौकटीवरच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हे इथं आहे होय? मला म्हाईतच नव्हतं.”